वित्तीय कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्याच्या मुलाखतीची तयारी : बडोद्यातील नवोदितांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गेली काही वर्षे रविवारी सकाळी दोन-तीन मुले-मुली येतात. कोणी सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतून, म्हणजे घरातली वडीलधारी मंडळी अजूनही ज्याला कलाभवन म्हणतात तिथून, नुकते बाहेर पडलेले असते. कोणी एखाद्या लहान कंपनीत दोन वर्षे वेबसाइट बनवलेल्या असतात. आणि सर्वांना बँक, पेमेंट कंपनी, कर्ज देणारी संस्था किंवा शेअर दलाली अशा ठिकाणी सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी हवी असते. मी या क्षेत्रात चौदा वर्षे काम करते आहे आणि त्यांतली निम्मी वर्षे मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे आहे. त्या मुलांना जे सांगते तेच येथे क्रमाने लिहिते आहे. प्रोग्रामिंगची एक भाषा नीट येते आणि हाताशी साधारण आठ आठवडे आहेत, असे धरून चालले आहे.

वित्तीय कंपनीची मुलाखत बाहेरून इतर सॉफ्टवेअर मुलाखतींसारखीच दिसते. आधी ऑनलाइन चाचणी, मग दोन-तीन तांत्रिक फेऱ्या, अनुभवी उमेदवारासाठी सिस्टीम डिझाइनची, म्हणजे पूर्ण व्यवस्थेची रचना आखण्याची फेरी, शेवटी व्यवस्थापक आणि एचआर. फरक पडतो तो प्रश्नाच्या पुढच्या भागात. इतर ठिकाणी प्रोग्रॅम चालला की प्रश्न बहुधा संपतो. आमच्याकडे प्रोग्रॅम चालल्यावर पुढचा प्रश्न सुरू होतो, की हाच प्रोग्रॅम अर्ध्यावर बंद पडला तर ग्राहकाचे पैसे त्या क्षणी कुठे असतील. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला हे ठाऊक नव्हते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवण्याचा प्रोग्रॅम मी दहा मिनिटांत लिहिला, समोरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि वजाबाकी व बेरीज यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवून विचारले, "इथे वीज गेली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ती नोकरी मला मिळाली नाही. या लेखातली सगळी तयारी त्या पेन्सिलच्या टोकाखालच्या जागेसाठी आहे.

आधी कंपनी ओळखा

पहिले तीन-चार दिवस कोड लिहू नका. ज्या कंपनीत अर्ज करायचा आहे ती पैशाचे नेमके कोणते काम करते हे शोधा. बँकेत ठेवी, कर्जे आणि दिवसअखेरचे हिशेब असतात. पेमेंट कंपनीत क्षणोक्षणी येणारे असंख्य छोटे व्यवहार असतात. दलालीच्या कंपनीत ऑर्डर, सौदे आणि त्यांची पूर्तता असते. विमा कंपनीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या पॉलिसी असतात. जाहिरातीतले शब्द नीट वाचले तर पुष्कळ उलगडते. "लेजर" (खतावणी) आणि "रिकन्सिलिएशन" (दोन ठिकाणच्या नोंदींचा मेळ) दिसले तर हिशेबाचे प्रश्न येणार, "लो लेटन्सी" (कमीत कमी विलंब) दिसले तर वेगाचे आणि मेमरीचे प्रश्न येणार, "रिस्क" दिसले तर पायथन आणि थोडे संख्याशास्त्र विचारले जाणार. बँकांच्या सर्व्हरवर जावा फार मोठ्या प्रमाणावर चालते आणि अतिवेगवान सौद्यांच्या कामात सी प्लस प्लसला मागणी असते. पण केवळ मुलाखतीसाठी आठ आठवड्यांत नवी भाषा शिकायला घेऊ नका. जी येते तीच पक्की करा.

बडोद्याच्या उमेदवारांसाठी गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी हे सर्वांत जवळचे मोठे ठिकाण आहे. तिथे आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र आहे आणि त्याची स्वतंत्र नियामक संस्था २०२० मध्ये स्थापन झाली. तिथले व्यवहार प्रामुख्याने परकीय चलनात होतात, त्यामुळे तिथल्या मुलाखतीत एकाहून अधिक चलने, विनिमय दर आणि निरनिराळ्या देशांच्या वेळा यांवर प्रश्न येऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे.

पैशाची भाषा

पुढचा दीड आठवडा हिशेब शिकण्यात घालवा. अभियांत्रिकीच्या मुलांना हे वाणिज्य शाखेचे काम वाटते आणि नेमकी तिथेच ती अडतात. आपल्या गावात तर याची लाज वाटण्याचे कारणच नाही. बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ रोजी महाराज सयाजीराव तिसरे यांनी याच शहरात, मांडवीत सुरू केली, आणि त्या परिसरातल्या पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणी कितीतरी पिढ्यांपासून लिहिली जात आली आहे. ओळखीच्या एखाद्या जुन्या हिशेबनिसाकडे दोन संध्याकाळी जाऊन बसा. रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने कसा उतरतो, तोच खतावणीत संबंधित खात्यांवर कसा जातो, आणि महिनाअखेरीस तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी काढल्यावर नावे (डेबिट) व जमा (क्रेडिट) या दोन्ही बाजू का जुळाव्याच लागतात, हे डोळ्यांनी पाहा. आमच्या कंपनीतले लेजर सॉफ्टवेअर याच तत्त्वावर उभे आहे. प्रत्येक व्यवहाराच्या किमान दोन नोंदी होतात, त्यांची बेरीज शून्य येते, आणि एकदा केलेली नोंद खोडली जात नाही; चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त केली जाते.

घरी एक प्रयोग करा. आईचे किंवा वडिलांचे पासबुक घ्या आणि त्यातल्या एका पानावरचे व्यवहार बँकेच्या बाजूने लिहून काढा. पासबुकात पैसे भरल्याची रक्कम "जमा" बाजूला दिसते. ती तशी का दिसते हे बहुतेकांना सांगता येत नाही. ठेवीदाराचे पैसे हे बँकेचे देणे असते, आणि देणे वाढले की ते जमा बाजूला लिहितात. त्याच वेळी बँकेच्या तिजोरीतली रोकड वाढली, ती मालमत्ता असल्यामुळे नावे बाजूला जाते. "क्रेडिट म्हणजे वाढ आणि डेबिट म्हणजे घट" एवढेच पाठ करून आलेला उमेदवार कर्जखात्याचा प्रश्न आला की गोंधळतो. ज्याने ते एक पान दोन्ही बाजूंनी लिहिले आहे तो गोंधळत नाही.

याबरोबर पैसे वळवण्याच्या प्रमुख व्यवस्थांची ओळख हवी. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांत चालते आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास सुरू आहे. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि तत्काळ पुरा होतो, तिची किमान मर्यादा २ लाख रुपये आहे, आणि १४ डिसेंबर २०२० पासून तीही चोवीस तास चालते. आयएमपीएस २०१० मध्ये आणि यूपीआय २०१६ मध्ये आले. दोन्ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या व्यवस्था आहेत. शेअर बाजारात सौदा झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात पैसे आणि शेअर यांची देवघेव पुरी होते. सर्व शेअरना ही पद्धत २७ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. तारखा कोणी विचारत नाही. पण तुकड्यांनी होणारी पूर्तता आणि एकेक करून होणारी पूर्तता यांतला फरक नक्की विचारतात, कारण सॉफ्टवेअरची सारी रचना त्यावर ठरते.

कर्ज देणाऱ्या कंपनीत जाणार असाल तर हप्त्याचे गणित हाताने करा. १ लाख रुपये, वार्षिक १२ टक्के, १२ महिने : मासिक हप्ता ८,८८४ रुपये ८८ पैसे येतो. पहिल्या हप्त्यातले १,००० रुपये व्याज असते आणि उरलेले ७,८८४ रुपये ८८ पैसे मुद्दल. बारा ओळींचा तक्ता पुरा करून पाहा. शेवटच्या ओळीत शिल्लक नेमकी शून्य येत नाही, एखाद-दुसरा पैसा वर-खाली राहतो आणि शेवटचा हप्ता तेवढ्याने बदलावा लागतो. पुढचा विषय तोच आहे.

पैसा आणि दशांश

कोणत्याही भाषेत साध्या दशांश प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पूर्ण अचूकतेने छापा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि शेवटी ४ असे येते. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक दशांश हा अंक त्या पद्धतीत नेमका मावत नाही, हे त्याचे कारण आहे. म्हणून पैशासाठी "फ्लोट" किंवा "डबल" हे साधे दशांश प्रकार वापरू नयेत. चाचणीत कोणी तसे वापरले की मी लगेच गुण कापत नाही, "याने काही बिघडेल का?" एवढेच विचारते, आणि त्या उत्तरावरून पुष्कळ कळते.

दोन पर्याय आहेत. रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवणे, किंवा भाषेतला अचूक दशांश प्रकार वापरणे : जावामध्ये बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल. दोन्हींत खाचखळगे आहेत. पूर्णांक ३२ बिटांचा घेतला तर त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पैसे मावतात, म्हणजे जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये. बडोद्यातल्या एका मध्यम कारखान्याचे चालू खातेही त्यात बसणार नाही, म्हणून ६४ बिटांचा घ्यावा. बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० यांची "इक्वल्स"ने तुलना केली तर ते वेगळे ठरतात, "कंपेअरटू"ने केली तर सारखे ठरतात. शिवाय बिगडेसिमलला आकडा मजकूर म्हणून द्यावा लागतो. डबलमधून दिला तर मूळची चूक त्यात तशीच उतरते. हे तिन्ही स्वतः चालवून पाहा, वाचून सोडू नका.

पूर्णांकन कसे करायचे हाही विचारपूर्वक ठरवण्याचा भाग आहे. १०० रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाला द्यायचा, हे प्रोग्रॅमने दर वेळी एकाच नियमाने ठरवले पाहिजे आणि वाटण्यांची बेरीज पुन्हा १०० च आली पाहिजे. अर्ध्यावर आलेला आकडा नेहमी वर नेला तर लाखो व्यवहारांत एकाच बाजूला रक्कम साचत जाते, म्हणून अनेक ठिकाणी तो जवळच्या सम अंकाकडे नेतात : २.५ चे २ आणि ३.५ चे ४. परकीय चलनांत तर पैशाचे दोन दशांशही गृहीत धरता येत नाहीत; जपानी येनचे व्यवहार दशांशाविना होतात आणि कुवेती दिनारला तीन दशांश लागतात.

एक खाते, दोन हात

आता डेटाबेस. यावर दोन पूर्ण आठवडे द्या, कारण माझ्या अनुभवात निवड आणि नकार यांतला फरक सर्वांत जास्त वेळा इथेच पडतो.

खात्यात ५,००० रुपये आहेत. नवरा मांडवीतल्या एटीएमवर ४,००० काढतो आहे आणि त्याच क्षणी बायको अलकापुरीतल्या दुकानात ४,००० चे बिल भरते आहे. दोन्ही प्रोग्रॅम शिल्लक वाचतात, दोघांना ५,००० दिसतात, दोघेही १,००० उरले असे लिहितात. बँकेतून ८,००० गेले आणि खाते सांगते की ४,००० गेले. हे चित्र कागदावर काळाच्या क्रमाने, डावीकडे एकाच्या आणि उजवीकडे दुसऱ्याच्या पायऱ्या लिहून काढा. मुलाखतीतही असेच काढून दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा ते समोरच्याला लवकर समजते.

याचे तीन उपाय यायला हवेत. पहिला, वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करणे, म्हणजे "सिलेक्ट फॉर अपडेट". दुसरा, शिल्लक ४,००० किंवा जास्त असेल तरच वजा कर, अशी अट घालून एकाच आज्ञेत बदल करणे आणि किती ओळी बदलल्या ते तपासणे. तिसरा, प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक देणे आणि मध्ये तो बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करणे. कोणता केव्हा वापरावा हे सांगता आले पाहिजे. एकाच खात्यावर सतत गर्दी असेल, उदाहरणार्थ मोठ्या दुकानदाराच्या खात्यावर, तर तिसऱ्या उपायात पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यातच वेळ जातो. गर्दी विरळ असेल तर तोच स्वस्त पडतो.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात आणि त्याच वेळी दुसऱ्यातून पहिल्यात पैसे जात असतील तर दोन्ही ट्रान्झॅक्शन (म्हणजे एकतर सगळ्या पुऱ्या होतात किंवा एकही होत नाही अशा पायऱ्यांचे गट) एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकतात. उपाय सोपा आहे : पैसे कोणत्याही दिशेने जात असोत, कुलपे नेहमी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लावायची. आयसोलेशनच्या, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याच्या, पातळ्याही नावापुरत्या पाठ करू नका. वेगळे काही सांगितले नाही तर पोस्टग्रेस हा डेटाबेस "रीड कमिटेड" पातळीवर चालतो आणि मायएसक्यूएलचे इनोडीबी "रिपीटेबल रीड"वर. वरचे नवरा-बायकोचे चित्र दोन्हींवर दोन खिडक्या उघडून स्वतः घडवून पाहा. ज्याने ते पाहिले आहे त्याच्या बोलण्यात जो ठामपणा असतो तो मला पहिल्या दोन वाक्यांत जाणवतो.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत चालती शिल्लक, म्हणजे प्रत्येक व्यवहारानंतरची शिल्लक, काढण्याचा प्रश्न ठरलेला आहे. विंडो फंक्शनने ती एका ओळीत निघते, पण क्रम फक्त वेळेवर लावला आणि दोन व्यवहारांची वेळ अगदी सारखी असली तर दोन्ही ओळींत एकच बेरीज दिसते. क्रमात व्यवहार क्रमांकही घातला की ती अडचण जाते. गट पाडणे, गटांवर अट घालणे, दुहेरी नोंदी शोधणे, प्रत्येक खात्याचा शेवटचा व्यवहार काढणे, एवढा सराव नवोदिताला पुरे आहे.

सेवउसळीचे साठ रुपये

सकाळी सेवउसळीच्या दुकानात उभे आहात. खाऊन झाले, क्यूआर स्कॅन केला, साठ रुपये टाकले, पिन दिला. फोनवर चक्र फिरते आहे. काउंटरवरचा बोलका डबा गप्प आहे. दुकानदार म्हणतो, "नाही आले, भाऊ." तेवढ्यात बँकेचा मेसेज येतो की साठ रुपये वजा झाले. मागे रांग आहे. तुम्ही पुन्हा स्कॅन करता.

मी मुलाखतीत हा प्रसंग जवळजवळ याच शब्दांत सांगते आणि उमेदवाराला विचारते, आता काय काय घडलेले असू शकते? चांगला उमेदवार आधी पैशाचा रस्ता आखतो : तुमचे ॲप, तुमची बँक, मधली यूपीआयची व्यवस्था, दुकानदाराची बँक, आणि तो डबा. मग प्रत्येक दोन ठिकाणांच्या मध्ये संदेश हरवू शकतो हे तो दाखवतो. मग तो सर्वांत महत्त्वाचे वाक्य बोलतो, की उत्तर आले नाही याचा अर्थ व्यवहार फसला असा होत नाही. व्यवहाराला यशस्वी, अयशस्वी आणि प्रलंबित अशा तीन अवस्था लागतात, आणि प्रलंबित व्यवहाराची खरी अवस्था नंतर विचारून घेणारी सोय लागते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याच्या मुदतीही घालून दिल्या : यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराकडे खात्री पोचली नाही तर पाच दिवसांपर्यंत आपोआप परत गेले पाहिजेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत नियमातच लिहिलेली आहे.

दुसऱ्यांदा स्कॅन करणे हा माणसाने केलेला नवा व्यवहार आहे. पण उत्तर न आल्यामुळे ॲपने तीच विनंती आपणहून पुन्हा पाठवली तर साठाचे एकशेवीस होता कामा नयेत. म्हणून प्रत्येक विनंतीला पाठवणाऱ्यानेच एक अनन्य ओळखक्रमांक द्यायचा, सर्व्हरने तो डेटाबेसमध्ये एकदाच नोंदता येईल असे बंधन घालायचे, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम न करता आधीचेच उत्तर परत द्यायचे. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. ओळखक्रमांकाची नोंद आणि पैशाची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हव्यात, हे जो न विचारता सांगतो त्याच्या नावापुढे मी खूण करते.

कोडिंगची चाचणी

यावर भरपूर साहित्य मिळते, म्हणून थोडक्यात. हॅशमॅप, रांग, हीप, सरकती खिडकी, बायनरी सर्च आणि साधी झाडे एवढे हातात बसले पाहिजे. अवघड डायनॅमिक प्रोग्रामिंगच्या मागे नवोदिताने फार दिवस घालवू नयेत. वित्तीय कंपनीत प्रश्नाला पैशाचा पोशाख चढवलेला असतो. "दहा मिनिटांत एकाच कार्डावर तीनपेक्षा जास्त व्यवहार झालेले शोधा" ही सरकती खिडकी आहे. "खरेदी आणि विक्रीच्या ऑर्डर जुळवा" यात खरेदीसाठी सर्वांत मोठी किंमत वर ठेवणारा हीप आणि विक्रीसाठी सर्वांत लहान किंमत वर ठेवणारा हीप लागतो, आणि किंमत सारखी असेल तर आधी आलेल्या ऑर्डरचा मान आधी असतो. मग विचारतात, ऑर्डर रद्द केली तर? हीपच्या मधून काढणे महाग पडते. म्हणून किंमतीनुसार लावलेला नकाशा, प्रत्येक किंमतीला एक रांग, आणि ऑर्डर क्रमांकावरून थेट जागा सांगणारा हॅशमॅप ही रचना जास्त बरी. चाचणीत ऋण रक्कम, शून्य रक्कम, स्वतःच्याच खात्यात पैसे पाठवणे, या गोष्टी स्वतःहून तपासा.

रचनेची फेरी

नवोदितालाही हल्ली छोटासा रचनेचा प्रश्न देतात, बहुधा डिजिटल पाकिटाचा : ग्राहकांनी पैसे भरावेत, एकमेकांना पाठवावेत, काढून घ्यावेत. उत्तराची सुरुवात सर्व्हर आणि कॅशच्या (माहितीच्या झटपट साठ्याच्या) चौकोनांनी करू नका. आधी लेजरचा तक्ता काढा. कोणत्या नोंदी होतील, कोणती गोष्ट कधीही बदलणार नाही, काय झाले तरी कोणते दोन आकडे सारखे राहिले पाहिजेत, हे सांगा. नंतर दिवसअखेरच्या मेळाविषयी बोला : आपल्या नोंदी आणि बँकेकडून आलेली फाइल ओळीला ओळ लावून पाहायची आणि न जुळलेल्या ओळी माणसापुढे ठेवायच्या. वेळ साठवताना जागतिक प्रमाणवेळ वापरा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा. पण व्यवहाराची हिशेबी तारीख वेगळी ठेवा, कारण ३१ मार्चला रात्री बारानंतर काही क्षणांनी पोचलेला व्यवहार कोणत्या आर्थिक वर्षात धरायचा हा प्रश्न केवळ घड्याळावरून सुटत नाही.

नवी आवृत्ती सर्व्हरवर कशी चढवाल, हेही विचारतात. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या कंपनीचे उदाहरण अभ्यासावे. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला; त्या सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि चुकीच्या ऑर्डर बाजारात जात राहिल्या. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. यातून टप्प्याटप्प्याने चढवणे, सर्व ठिकाणी एकच आवृत्ती आहे हे तपासणे, ताबडतोब थांबवण्याची कळ असणे आणि न लागणारा कोड काढून टाकणे, हे चार मुद्दे निघतात आणि चारही सांगण्यासारखे आहेत.

दाखवायला एक काम

रिझ्युमेत दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा एक पुरा असावा. मी मुलांना एकच प्रकल्प सुचवते : सोसायटीच्या वर्गणीचा किंवा भिशीचा हिशेब ठेवणारे लेजर. दोन बाजूंच्या नोंदी, पुन्हा आलेली विनंती ओळखणे, एकाच वेळी शंभर व्यवहार मारून शेवटी बेरीज शून्य येते हे दाखवणारी चाचणी, आणि बँकेच्या फाइलशी मेळ. तीन आठवड्यांत होते, आणि वर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला त्यातून स्वतःचे उदाहरण मिळते. आधीच्या नोकरीतला कोड मात्र कधीही दाखवू नका, स्वतः लिहिलेला असला तरी. जो आज दुसऱ्याचा दाखवतो तो उद्या आमचा दाखवेल, असाच विचार समोरचा करतो.

बोलण्याचा सराव

आपण घरी मराठीत, रस्त्यावर गुजरातीत बोलतो आणि मुलाखत इंग्रजीत होते. हुशार मुले इथे उगाच मागे पडतात. विचार तयार असतो, पण शब्द शोधताना ती गप्प होतात आणि समोरच्याला वाटते की येत नाही. रोज एक प्रश्न निवडा, आधी तो घरातल्या कोणाला मराठीत समजावून सांगा. आजीला सेवउसळीच्या साठ रुपयांचे काय झाले ते समजले, तर तुम्हालाही समजले आहे. मग तेच इंग्रजीत, फोनवर ध्वनिमुद्रण करत, पाच मिनिटांत सांगा आणि ऐका. वाक्ये साधी असू द्या. कोड लिहिताना मनातले मोठ्याने बोला, गृहीतके आधी विचारून घ्या, आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगून ती कशी शोधाल ते सांगा. अंदाज ठोकून देणारा माणूस पैशाच्या सॉफ्टवेअरजवळ कोणालाच नको असतो.

"तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा" हा प्रश्न येणार हे धरून चाला. खरी चूक निवडा, ती कधी लक्षात आली, कोणाला कळवली, कशी दुरुस्त केली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले, हे सांगा. यांत "कोणाला कळवली" याला आमच्याकडे सर्वांत जास्त वजन आहे.

कागदपत्रे आणि तो दिवस

निवड झाल्यावर पडताळणी कडक असते. शिक्षण, पत्ता, आधीची नोकरी हे सर्व तपासले जाते, आणि काही वित्तीय कंपन्या उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहासही पाहतात. म्हणून शैक्षणिक कर्जाचे किंवा क्रेडिट कार्डाचे थकलेले हप्ते आधीच भरून टाका. रिझ्युमेतल्या तारखा आणि अनुभवपत्रावरच्या तारखा एक असू द्या. एका मुलीची निवड तीन महिन्यांच्या तफावतीमुळे अडकली होती. तिचा हेतू वाईट नव्हता, महिने तिने आठवणीने लिहिले होते.

मुलाखत गिफ्ट सिटीत असेल तर बडोद्याहून अहमदाबाद रेल्वेने साधारण १०० किलोमीटर आहे आणि तिथून पुढे मेट्रोने जाता येते, पण मध्ये गाडी बदलावी लागते. त्यामुळे सकाळी दहाच्या मुलाखतीसाठी पहाटेचीच गाडी धरा किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा. ओळखपत्र, रिझ्युमेच्या दोन प्रती, कोरे कागद आणि चालणारे पेन बरोबर असावे. शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे विचारतात तेव्हा पगार सोडून काही विचारा : रात्री व्यवहार अडकला तर प्रथम कोणाला फोन जातो, मेळ न बसलेल्या नोंदी कोण पाहतो, नव्या माणसाचा कोड पहिल्यांदा कधी सर्व्हरवर जातो. ज्या कंपनीत याची उत्तरे सरळ मिळतात तिथे शिकायला मिळते.

परतीच्या गाडीत बसल्याबरोबर, डबा उघडण्याआधी, विचारलेले सर्व प्रश्न वहीत उतरवा आणि जे अडले त्यांच्यापुढे खूण करा. त्या खुणा घेऊन रविवारी सकाळी या. चहा तयार असतो.